कार्यक्रम झाला, की पुस्तक घरी गेलं पाहिजे

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी २२ वर्षं ग्रंथपाल आहे. आमचं वाचनालय सरकारी दर्जानुसार 'ब' वर्गाचं. माणसं तीन: मी, पुस्तकांची देवघेव सांभाळणारे लिपिक आणि शिपाई मावशी. खाली वृत्तपत्रं आणि देवघेव, वर अभ्यासिका, मागे पत्र्याची एक लांब खोली. एवढ्यात वर्षभर कार्यक्रम कसे करता, असं आसपासच्या गावांतले कार्यवाह आणि नवे ग्रंथपाल विचारतात. म्हणून लिहून काढते आहे.

आधी चुकलेला कार्यक्रम सांगते. काही वर्षांपूर्वी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, आम्ही मराठी भाषा गौरव दिन मोठा करायचं ठरवलं. मांडव घातला, दोनशे खुर्च्या आणल्या, शाळेची मुलं रांगेनं आणून बसवली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ यातच पाऊण तास गेला. गर्दी व्हायची म्हणून त्या दिवशी देवघेव बंद ठेवली होती. एक आजोबा पिशवीत पुस्तक घेऊन बदलायला आले, बंद खिडकी पाहिली आणि मागे फिरले. मी व्यासपीठाजवळ हार घेऊन उभी होते, तिथून ते दिसले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, पण त्या कार्यक्रमामुळे एकही नवा वर्गणीदार झाला नाही.

तेव्हापासूनचा नियम असा: कार्यक्रमाच्या दिवशी देवघेव चालूच राहील, आणि कार्यक्रम संपल्यावर अर्धा तास जास्त चालेल. पुढचं सगळं याच नियमातून आलेलं आहे.

सुरुवात मुलांपासून करा. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून दुपारी चारची वेळ धरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू करू नका, निम्मी मुलं मामाच्या गावाला गेलेली असतात. जूनमध्ये शाळा भरल्यावर करा. सतरंजी अंथरायची, माइक लावायचा नाही, आणि पाचच मुलं आली तरी वाचायचं. वाचन पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नका. उतारा आदल्या रात्री घरी दोनदा मोठ्यानं वाचून बघा. जिथे थांबायचं तिथे मी पेन्सिलीनं बारीक रेघ मारते. आणि गोष्ट संपवायची नाही. विहिरीत उतरलेला मुलगा अजून वर आलेला नसतो, तिथे पुस्तक मिटायचं. मुलं ओरडतात, ओरडू द्या. प्रत एकच असते, म्हणून मागणीची यादी फळ्यावर लिहायची आणि तशाच धाटणीची सहा-सात पुस्तकं सतरंजीवर मोकळी पसरायची. पहिलं मिळालं नाही, तरी हात रिकामा जात नाही.

तारखेचा शिक्का मुलांच्या हातात द्या. शाईच्या गादीवर दाबून, पुस्तकाच्या शेवटच्या पानावरच्या तारीखपत्रकावर आपल्या हातानं तारीख उमटवली, की ते पुस्तक त्यांचं होतं. परत आणायची तारीखही लक्षात राहते.

बाल विभागाला अनामत ठेवू नका, हे मी हात जोडून सांगते. मोलमजुरी करणारी आई पन्नास रुपयांसाठी मुलाला दारातूनच परत नेते. आम्ही पालकाची किंवा शिक्षकांची सही घेतो, बस. ऊसतोडीच्या टोळ्या आमच्याकडे दिवाळीच्या पुढेमागे येतात आणि गाळप संपलं की जातात. त्यांच्या मुलांजवळ पत्त्याचा पुरावा कुठून असणार? पत्त्याच्या रकान्यात आम्ही 'कारखाना तळ' लिहितो आणि पुस्तक देतो. एकदा तळ उठला तेव्हा एका मुलीकडचं पुस्तक तिच्यासोबत गेलं. पुढच्या हंगामात तिनं ते आणून दिलं, खताच्या गोणीचं प्लॅस्टिक कापून त्याला नीट कव्हर घातलेलं. आम्ही ते कव्हर काढलेलं नाही. काही पुस्तकं हरवतात, तीही धरून चालायचं. पण कपाटात बंद राहून वाळवीनं खाल्लेली पुस्तकं मी त्याहून जास्त पाहिली आहेत.

मोठ्यांना ओढणारी सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे दिवाळी अंक योजना. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळाबरोबर अंक आला. आज एका अंकाची किंमतच अशी असते, की घरी दोन-तीनच्या वर कुणी घेत नाही. तिथे वाचनालयाचं काम सुरू होतं.

सप्टेंबरात मागच्या वर्षीची नोंदवही काढून बसा. कोणता अंक किती जणांनी नेला ते मोजा आणि यादी त्यावरून करा, कार्यकारिणीतल्या कुणाच्या आवडीवरून नको. वर्गणी वसुबारसेच्या आधीच घ्या, त्या पैशांतूनच अंक येतात. एकदम संच घेतला तर विक्रेते सवलत देतात.

अंक आले की लगेच वाटू नका, दोन दिवस शिवणकामाला ठेवा. हल्ली अंकांची पाठ नुसती डिंकानं चिकटवलेली असते, तिसऱ्या वाचकाच्या हातात पानं सुटतात. पाठीपासून साधारण एक सेंटिमीटर आत दाभणानं तीन भोकं पाडायची, जाड दोरा घालून गाठ मागच्या बाजूला मारायची. दोऱ्यावर कागदाची पट्टी खळीनं चिकटवायची. खळीत चिमूटभर मोरचूद घाला म्हणजे कीड लागत नाही, आणि काम झालं की हात स्वच्छ धुवा, ते विषारी असतं. वर पारदर्शक कव्हरच घाला. खाकी कागद घातला तर मुखपृष्ठ झाकतं, आणि मुखपृष्ठ बघूनच तर अंक उचलला जातो. आमच्या मावशींनी हे काम इतकं छान बसवलं आहे, की शेजारच्या वाचनालयाची माणसं शिकायला येतात.

एक अंक तीन दिवसांसाठी. शेवटच्या पानाच्या आत आम्ही कोरी चिठ्ठी चिकटवतो. जे आवडलं त्याचा फक्त पानक्रमांक वाचकानं तिथे लिहायचा. अभिप्राय लिहा म्हटलं की माणसं बिचकतात, आकडा मात्र सगळे लिहितात. जानेवारीत चिठ्ठ्या काढून मोजतो. ज्या कथा आणि लेखांचे आकडे जास्त, ते वाचकांनीच मोठ्यानं वाचायचे. पहिल्या वर्षी पोस्टातून निवृत्त झालेल्या एका काकांनी कथा वाचली. त्यांचा आवाज मध्येच भरून आला. त्यांनी चष्मा पुसला, पाणी प्यायले आणि पुढे वाचलं. पत्र्याच्या खोलीत तेव्हा कुणी खोकलंसुद्धा नाही. या कार्यक्रमाला खर्च चहाचा.

संक्रांत ते रथसप्तमीच्या दिवसांत बायकांसाठी एक दुपार ठेवा. आम्ही त्याला हळदीकुंकू म्हणत नाही, तिळगूळ म्हणतो. कारण हळदीकुंकू म्हटलं की विधवा बाई घरीच थांबते, आणि वाचायची भूक तर तिलाही असते. निमंत्रण देताना 'सगळ्याजणींनी या' असं तोंडानं सांगायला लागतं, नुसत्या फलकानं होत नाही. वाण म्हणून प्लॅस्टिकची डबी न देता दोन महिन्यांच्या वर्गणीचं कार्ड द्या. वेळ चार ते सहा, त्यापुढे स्वयंपाकाची घाई असते. त्या दिवशी खिडकीवर बाईच बसू दे. लिपिक भले माणूस आहेत, पण मी बसले की बायका कपाटापाशी जास्त वेळ थांबतात, चार पुस्तकं चाळतात आणि हवं ते मोकळेपणानं मागतात.

१२ ऑगस्टला, डॉ. रंगनाथन यांच्या नावानं होणाऱ्या ग्रंथपाल दिनी, भाषण नको. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं त्यांनी १९३१ साली पुस्तकरूपानं मांडली. त्यातलं एक आहे: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. तेच करून दाखवा. पाच वर्षांत तारीखपत्रकावर शिक्का पडला नाही अशी पन्नास पुस्तकं काढा, धूळ झटका, दारातल्या टेबलावर मांडा. प्रत्येकात एका ओळीची चिठ्ठी ठेवा: हे कशाबद्दल आहे, कुणाला आवडेल. आमच्याकडे विहिरी आणि जुन्या बारवांवरचं एक पुस्तक असंच पडून होतं, ते बोअर मारणाऱ्या गाडीवरचा एक मुलगा घेऊन गेला.

अभ्यासिकेतल्या मुलांना कार्यक्रमाला बोलावू नका, परीक्षेची टांगती तलवार असते. पिण्याच्या पाण्याजवळ वीस पातळ पुस्तकांची एक फळी ठेवा. बाटली भरेपर्यंत हात जातोच.

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, म्हणजे डॉ. कलामांचा जन्मदिवस, आम्ही शाळेत जाऊन करतो. पिशवीत पुस्तकं आणि सोबत तारखेचा शिक्का.

कार्यक्रमांची नोंदवही रोजच्या रोज लिहा. फोटो, उपस्थितांच्या सह्या, पावत्या, पेपरातलं कात्रण सगळं त्या त्या दिवशीच चिकटवून टाका. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आपल्याला मान्यता आणि अनुदान मिळतं, तपासणी होते, आणि त्या वेळी आठवून लिहिलेलं लगेच कळतं. याशिवाय मी एक रकाना हातानं आखून वाढवला आहे: कार्यक्रमानंतरच्या आठ दिवसांत किती पुस्तकं बाहेर गेली. २७ फेब्रुवारीला हल्ली तीस खुर्च्या असतात. ज्याला वाटेल त्यानं आवडत्या पुस्तकाची दोन पानं वाचायची, आपल्या बोलीत बोलायचं, आणि ते पुस्तक तिथेच दुसऱ्याच्या नावावर चढवायचं. ज्या कार्यक्रमाचा हा रकाना लागोपाठ दोन वर्षं नेहमीच्या आठवड्यापेक्षा वर जात नाही, तो आम्ही तिसऱ्या वर्षी धरत नाही.