जुन्या जीपचं रिअर मेन सील: कोणतं घ्यावं, कसं बसवावं

बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या आवरणाच्या, तळाला असलेल्या भोकातून ऑइल ठिबकायला लागलं की पहिला संशय रिअर मेन सीलवर, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणाऱ्या सीलवर जातो. पण इंजिन खोलण्याआधी एक दिवस तपासणीला द्या. मागचा भाग रॉकेलने धुऊन कोरडा करा, टाल्कम पावडर भुरभुरा, गाडी १५-२० मिनिटं चालवा आणि टॉर्चने बघा. ओघळ टॅपेट कव्हरपासून खाली येत असेल तर काम पॅकिंगवर भागतं. वास उग्र, गंधकासारखा असेल तर ते गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सचं सील गेलंय. कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाचा प्लगही फ्लायव्हीलमागेच असतो आणि तिथून आलेलं ऑइल अगदी त्याच भोकातून पडतं.

ब्रीदर आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या आतला वायू बाहेर जायच्या वाटा, आधी साफ करा. द्राक्षबागेच्या धुळीत राबलेल्या गाडीत ते हमखास तुंबलेले असतात. वाट बंद झाली की पिस्टनजवळून खाली उतरणारा वायू चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, साठतो आणि ऑइल जिथून जमेल तिथून बाहेर ढकलतो. मग नवं सीलसुद्धा टिकत नाही. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडा. धूर जोरात बाहेर फेकला जात असेल तर पिस्टनच्या रिंगांचं बघा.

आता सील. विलीजच्या २१९९ सीसी पेट्रोल इंजिनात, म्हणजे महिंद्राच्या सीजे-३बीमध्ये, सुरुवातीला दोरीचं पॅकिंग असे. पुढे दोन तुकड्यांचं रबरी लिपवालं, म्हणजे क्रँकला टेकणारी पातळ कड असलेलं, सील आलं. अँबेसडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात तर मागे सीलच नाही. क्रँकवर कोरलेला स्क्रूसारखा आटा ऑइल परत आत ओढतो. तिथे सील शोधत दुकानं फिरू नका, बेअरिंगची फट आणि ब्रीदर बघा.

जीपसाठी निवड क्रँक बघून करा. सील जिथे घासतं त्या पट्टीवरून नख फिरवा. नख अडकलं तर लिपवालं सील तिथे टिकणार नाही, त्याला गुळगुळीत पृष्ठभागच लागतो. दोरी थोडी झीज सांभाळून घेते, म्हणून झिजलेल्या क्रँकला दोरी. पट्टी चांगली असेल तर लिपवालं घ्या. नायट्राइल रबर स्वस्त आहे, पण सतत तापून कडक होतं. व्हिटॉन रबर २०० अंश सेल्सिअसच्या आसपासही टिकतं, त्यामुळे मिळालं तर तेच घ्या. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात क्रँक ग्राइंडिंगला दिला तर मेन जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) ग्राइंड करताना सीलची पट्टी कापू नका, असं स्पष्ट सांगा. व्यास कमी झाला की लिपची पकड गेली. पट्टीला फक्त ४०० आणि मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर, तोही ऑइल लावून, गोल फिरवत. आडवा-उभा ओरखडा म्हणजे ऑइलला केलेली वाट.

जुनी दोरी काढताना सावध राहा, तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ऑइलने भिजवूनच काढा, मास्क लावा, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. नवी दोरी ग्रॅफाइटची घ्या.

दोरी बसवायची तर इंजिन बाहेर काढून आणि क्रँक उतरवूनच, दुसरा मार्ग धरू नका. क्रँक जागेवर ठेवून वरची अर्धी दोरी ओढून घेण्याचे प्रकार चालतात, पण ती ओढताना बारीक होते आणि खोबणीत सैल राहते. आधी दोरी न लावता कॅप (बेअरिंगचा क्रँकला खालून धरणारा अर्धा भाग) कसून प्लॅस्टिगेजने, म्हणजे दाबून चपट्या होणाऱ्या मापाच्या मऊ धाग्याने, बेअरिंगची फट मोजा आणि लिहून ठेवा. मग दोरी इंजिन ऑइलमध्ये भिजवा, खोबणीत ठेवा आणि सीलच्या पट्टीएवढ्याच व्यासाचा गुळगुळीत गोल तुकडा तिच्यावर दाबून फिरवा. टोकांकडून मधे दाबत आणा, मधून टोकांकडे नको. टोकं नव्या ब्लेडने एका घावात कापा, कॅपच्या पृष्ठभागापेक्षा जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर वर ठेवून. इथेच बहुतेकांचं काम बिघडतं. कापलेल्या टोकाचे दोन-चार धागे बाजूला पसरून कॅप आणि ब्लॉकच्या मधे येतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण कॅप पूर्ण बसू देत नाहीत. म्हणून दोरीसकट पुन्हा प्लॅस्टिगेज लावा. फट पहिल्यापेक्षा वाढली तर धागा अडकलाय. कॅप काढा, टोक साफ करा आणि परत मोजा.

लिपवाल्या सीलची लिप इंजिनच्या आतल्या बाजूला, ऑइलकडे. वरचा तुकडा सरकवताना ब्लॉकची धारदार कड रबराची पाठ सोलते. प्लॅस्टिक फिल्मच्या पातळ पट्टीचा शूहॉर्नसारखा आधार देऊन आत घ्या. दोन्ही तुकड्यांचे जोड कॅपच्या जोडावर येऊ न देता ८-१० मिलिमीटर सरकवा. ज्या सीलला टोकाला खुंटी असते त्याला मात्र सरकवू नका. लिपवर ऑइल लावा. कोरडं सील पहिल्या स्टार्टलाच जळतं.

कॅपच्या बाजूंना आणि मागच्या तोंडाला गॅस्केट सिमेंटचा पातळ हात द्या. जास्तीचं आत सांडून ऑइल पंपाच्या जाळीत जातं. बोल्ट तीन टप्प्यांत ६५ ते ७५ फूट-पाउंड, म्हणजे ९ ते १०.४ किलोग्रॅम-मीटरपर्यंत. प्रत्येक टप्प्याला क्रँक हाताने फिरवून बघा. नव्या दोरीमुळे तो जड जाईल, पण अडकता कामा नये. मग कॅपच्या दोन्ही बाजूंच्या भोकांत रबरी पॅकिंग घाला. ती साधारण ६ मिलिमीटर बाहेर राहतात. ती लांब वाटतात म्हणून कापू नका. चेंबर बसताना तीच आत दाबली जातात आणि बाजूची वाट बंद होते. सील नवं असूनही गळणाऱ्या कित्येक जीपांमध्ये हेच कापलेलं पॅकिंग सापडतं.

ऑइल भरून १५ मिनिटं हळू चालवा. मग नाशिकहून सुमारे ४५ किलोमीटर इगतपुरी, पुढे कसारा घाट उतरून परत चढा, म्हणजे इंजिन भारावर नीट तापेल. घरी आल्यावर गाडी सपाटीवर लावा, रात्रभर खाली पांढरा कागद ठेवा. दोरीच्या सीलला पहिल्या एक-दोनशे किलोमीटरमध्ये एखादा थेंब चालतो. थेंबांची ओळ दिसली तर चेंबर उघडण्याआधी ब्रीदर परत तपासा.