होडीत बसताना महागडं घड्याळ घालावं का? मालवणातल्या एका घड्याळजीचा सल्ला

मालवणात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, बाजारातून बंदर जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत पुण्या-कोल्हापूरची माणसं पट्ट्याची पिन बदलायला येतात आणि निघताना विचारतात, "हे घालून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलं तर चालेल ना?" काउंटरवर उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

घड्याळ किती महाग आहे यावरून ते होडीत न्यायचं की नाही हे ठरत नाही. ते ठरतं तीन गोष्टींवरून: आतलं रबर किती जुनं आहे, चावी (वेळ लावायची बाजूची कळ) कशी बंद होते आणि पट्टा कशाने धरला आहे. तिन्ही ठीक असतील तर दोन लाखांचं डायव्हर घड्याळ बिनधास्त घाला, ते पाण्यासाठीच बनलं आहे. त्यातली एक जरी कच्ची असेल तर दोन हजारांचंही घालू नका. आणि घड्याळ आजोबांचं असेल, लग्नात मिळालेलं असेल, तर या तीन गोष्टी तपासतही बसू नका. ते घरी ठेवा. एचएमटीचं उदाहरण घ्या. सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरात 1961 साली ही घड्याळं बनू लागली आणि 2016 साली कंपनीचा घड्याळांचा कारभार बंद झाला. आज एचएमटीच्या जुन्या 'जनता' घड्याळाची मशीन गंजली तर दुसऱ्या जुन्या घड्याळातून सुटे भाग काढावे लागतात, आणि अशी घड्याळंही कमी कमी होत चालली आहेत. तासाभराच्या फेरीसाठी ती जोखीम कशाला घ्यायची?

आता मागच्या झाकणावरचे आकडे. घड्याळ उलटं करा. 3 बार, 5 बार, 10 बार किंवा 30, 50, 100 मीटर असं काहीतरी लिहिलेलं असेल. दहा मीटर पाण्याचा दाब म्हणजे साधारण एक बार, त्यामुळे दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात. पण 30 मीटर लिहिलंय म्हणून ते घालून 30 मीटर खोल जाता येतं असा त्याचा अर्थ नाही. नव्या कोऱ्या घड्याळाने स्थिर पाण्यात थोडा वेळ तेवढा दाब सोसला, एवढंच तो आकडा सांगतो. मी स्वतः असा हिशेब धरतो: 3 बार म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि हात धुणं. 5 बार असेल तर होडीत बसा, लाट अंगावर आली तरी घाबरू नका. पोहायचं, स्नॉर्केलिंग करायचं तर 10 बार हवं. नुसतं 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलं असेल आणि आकडाच नसेल, तर ते 3 बारच समजा.

डायव्हर घड्याळाची गोष्ट वेगळी. त्यासाठी आयएसओ 6425 हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या खोलीपेक्षा 25 टक्के जास्त दाबाखाली तपासावं लागतं. शिवाय लिटरला 30 ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात 24 तास ठेवण्याची चाचणी असते. आपल्या समुद्रात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, म्हणजे ही चाचणी आपल्या खाऱ्या पाण्याच्या जवळपास जाते. साध्या घड्याळांचं मानक आयएसओ 22810, आणि त्यात प्रत्येक नग तपासण्याची सक्ती नाही.

एक गैरसमज इथेच दूर करतो. पाण्यात जोरात हात मारला की दाब प्रचंड वाढतो आणि घड्याळात पाणी शिरतं, असं बरेच जण सांगतात. हिशेब करून बघा. सेकंदाला पाच मीटर वेगाने हात फिरवला तर वाढणारा दाब जेमतेम सव्वा मीटर पाण्याएवढा होतो. जेट स्कीवरून सेकंदाला 15 मीटर वेगाने पाण्यावर आदळलात तरी तो साधारण साडेअकरा मीटरच. मग 3 बारची घड्याळं बुडतात कशाने? जुन्या रबराने. झाकणाखाली आणि चावीच्या नळीत रबराची बारीक रिंग असते. घाम, उन्हात लावायचं लोशन, अत्तर आणि वय यांनी ती कडक होते, चपटी होते, मग तिला भेग पडते. बाहेरून काहीच दिसत नाही.

म्हणून शेवटचा सेल कधी आणि कुठे बदलला ते आठवा. रस्त्याकडेच्या टेबलावर सेल घातला असेल, झाकण अंगठ्याने दाबून बसवलं असेल आणि रबराला सिलिकॉन ग्रीस लावलं नसेल, तर झाकणावरचा आकडा त्या दिवशीच संपला. फेरीच्या आधी घड्याळजीकडे जा आणि स्पष्ट सांगा: "रबर बदला आणि प्रेशर टेस्ट करा." हवेचा दाब देऊन तपासायचं यंत्र चांगल्या सर्व्हिस सेंटरमध्ये असतं, त्यात घड्याळ ओलंसुद्धा होत नाही. समुद्रावर वारंवार जाणाऱ्याने हे दरवर्षी करावं. दोन-तीन वर्षांत झाकण उघडलंच नसेल तर तपासल्याशिवाय नेऊ नका.

चावीबद्दल. ओढली की लगेच बाहेर येणारी चावी होडीत धोक्याची. शर्टाच्या बाहीत किंवा लाइफ जॅकेटच्या पट्ट्यात अडकून ती अर्धा मिलिमीटर जरी सरकली तरी दार उघडंच. स्क्रूसारखी फिरवून बसणारी चावी बघा. रोलेक्सने 1926 साली ऑयस्टर आणलं त्यात अशीच चावी होती, आणि 1927 च्या ऑक्टोबरात मर्सिडीज ग्लाइट्झ या जलतरणपटूने ते गळ्यात घालून इंग्लिश खाडीच्या थंड पाण्यात कित्येक तास काढले. घड्याळ चालू राहिलं. पण ही चावी फिरवून पूर्ण बंद केली तरच तिचा उपयोग. होडीत पाय ठेवण्याआधी बोटाने एकदा चाचपून घ्या. क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची बटणं असलेलं घड्याळ असेल तर ओल्या हाताने त्याची बटणं दाबू नका.

आता पट्टा. मी पाहिलेली बहुतेक घड्याळं आत पाणी शिरून गेलेली नाहीत, पिन तुटून समुद्रात पडलेली आहेत. कारण जेटीवर उभं राहिलात की दिसतं. होडी लाटेवर वर-खाली होत असते, तुम्ही पाय टाकता आणि खलाशी तुम्हाला आत ओढून घेतो. अनुभवी तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, पोरांना सांगतात, "हाताक नको, मनगटाक धरा." ओला तळवा निसटतो, मनगट निसटत नाही, त्यामुळे त्यांचं बरोबरच आहे. पण तुमचा सगळा भार त्या क्षणी घड्याळाच्या पट्ट्यावर येतो, आणि पट्टा दोन काडीएवढ्या स्प्रिंगच्या पिनांवर टांगलेला असतो. जेटीजवळचं पाणी गढूळ, तळाला चिखल. पडलेलं घड्याळ सापडत नाही.

यावर उपाय स्वस्त आहे. घड्याळाखालून सलग जाणारा नायलॉनचा पट्टा घ्या, ज्याला नाटो पट्टा म्हणतात. ब्रिटिश सैन्यासाठी 1973 साली त्याचा नमुना ठरला. एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर हातात राहतं. सोबत जाड पिना बसवून घ्या. चामड्याचा पट्टा नको, खाऱ्या पाण्याने तो आधी कडक होतो मग कुजतो. आणि चढता-उतरताना ज्या हातात घड्याळ नाही तो हात पुढे करा. एवढी एक सवय लावून घ्या.

पर्यटक म्हणून बसून जाणं वेगळं आणि होडीत काम करणं वेगळं. तुम्ही दोर ओढणार असाल, नांगर टाकणार असाल, शीड सांभाळणार असाल, तर स्टीलच्या चेनचं कुठलंही घड्याळ काढून ठेवा, मग ते फुकट मिळालेलं का असेना. ताणलेल्या दोराचा फास चेनखाली गेला तर चेन लवकर तुटत नाही, आधी हात सोलवटतो. अंगठीलाही हेच लागू. शर्यतीत शीड हाकणाऱ्यांना उलटी मोजणी लागते: पाच मिनिटं, चार, एक आणि सुरुवात. त्यासाठी मोठ्या आकड्यांचं प्लास्टिकचं डिजिटल घड्याळ कुठल्याही सोन्याच्या घड्याळापेक्षा चांगलं. 1983 साली आलेलं कॅसिओचं जी-शॉक पहिल्यापासून 200 मीटरचं आहे आणि त्याची चेन नसून रेझिनचा पट्टा असतो. होडीसाठी मला कुणी एकच घड्याळ विचारलं तर मी हेच सांगतो.

तारकर्ली-देवबागला स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राइड करणार असाल तर घड्याळ उतरवून ठेवा. पाण्याखाली वेळ बघायचं काम सोबतच्या डायव्हरचं आहे. स्मार्टवॉच असेल तर ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही हेही लक्षात घ्या. उन्हात तासभर तापलेलं घड्याळ एकदम पाण्यात घालू नका. आतली हवा आकसते आणि थकलेल्या रबरातून ओलावा आत ओढला जातो.

परत आल्यावर त्याच दिवशी घड्याळ धुवा. हे काम सगळ्यांत जास्त लोक टाळतात. वाऱ्यानेच मीठ बसतं, भिजायची गरजही नसते. चावी घट्ट आहे हे पाहून साध्या गोड्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, मऊ टूथब्रशने चेनच्या फटी आणि झाकणाची कड घासा, सुती कापडाने पुसा. गरम पाणी वापरू नका. 5 बारपेक्षा कमीचं असेल तर बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. स्टेनलेस स्टीलला काही होत नाही हा समज चुकीचा आहे. झाकणाखालच्या फटीत मीठ साचून राहिलं की 316एल या चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात, आणि रबर नेमकं त्याच जागी बसतं. सोन्याचा मुलामा असलेल्या पितळी घड्याळाला पट्टा अडकवायच्या कानांजवळ हिरवा कळंक चढतो, तो मुलामा उचलूनच थांबतो.

आणि काचेखाली वाफ दिसली तर? शंका असेल तर थोडं तापलेल्या घड्याळाच्या काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवा. थेंबाखाली आतून धुकं धरलं तर ओल आत आहे. तांदळाच्या डब्यात पुरू नका, तांदूळ मीठ काढत नाही. उन्हात वाळवू नका, पाणी उडतं आणि मीठ मशीनवर राहतं. चावी ओढून बघू नका. सुट्टी संपून घरी जाईपर्यंत थांबू नका, खाऱ्या पाण्यात स्टीलच्या बारीक स्प्रिंगा एक-दोन दिवसांत गंज धरतात. जवळ जो घड्याळजी असेल त्याच्याकडे त्याच संध्याकाळी जा आणि पहिलं वाक्य हेच सांगा की आत खारं पाणी गेलंय. गोड्या पाण्याचं घड्याळ उघडून वाळवून भागू शकतं. खाऱ्याचं मात्र मशीन पूर्ण सुटी करून लगेच धुवावी लागते.