आधी अळीची प्रतिकारशक्ती उतरवा, मग बीटी द्या

सोयाबीनवरची स्पोडोप्टेरा अळी बीटीला, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूपासूनच्या जैविक कीडनाशकाला, सहज दाद देत नाही. बीटीचं विष आतड्याला भोकं पाडतं, जिवाणू रक्तात शिरतात आणि तिथे अळीच्या रक्तपेशी त्यांना घेरून गाठी करतात. हे घेरणं ज्या जनुकावर चालतं, तेच, त्याच्याशी जुळणारा दुपदरी आरएनए खाऊ घालून, गप्प करायचं. इटलीतल्या संशोधकांनी हिच्याच जातभाईत, स्पोडोप्टेरा लिट्टोरॅलिसमध्ये, हे करून दाखवलंय.

जनुकाचा ३०० ते ५०० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा निवडा. मधमाशी आणि ढालकिड्याच्या जनुकांशी तो ताडून बघा. सलग २१ बेस जुळले तरी तुकडा बाद. इथे मी विद्यार्थ्यांना घाई करू देत नाही, कारण शेतातले मित्रकीटक आपल्याला गमवायचे नाहीत. मग एचटी११५ या ई. कोलाय जिवाणूच्या वाणात त्या तुकड्याचा दुपदरी आरएनए बनवा, कारण त्यात तो तोडणारं आरएनेझ-३ हे विकर नसतं.

अळ्यांना काही तास उपाशी ठेवून आरएनए लावलेल्या पानाच्या चकत्या द्या. आरएनए अळीच्या आतड्यात लवकर तुटतो, म्हणून रोज ताजी चकती हवी. क्यूपीसीआरने (जनुक किती चालू आहे ते मोजणाऱ्या चाचणीने) जनुक खरंच दबलंय का ते तपासा, मगच बीटीची कमी मात्रा द्या.

पहिल्या खेपेला मी जीएफपीच्या, म्हणजे अळीत नसलेल्या एका चमकत्या प्रथिनाच्या जनुकाच्या, आरएनएचा तुलनेसाठीचा गट ठेवलाच नव्हता. अळ्या मेल्या, पण कशाने ते सांगता येईना. महिनाभराचं काम पुन्हा करावं लागलं. नुसतं बीटी, नुसता आरएनए आणि जीएफपी अधिक बीटी, हे तिन्ही गट ठेवाच. सगळं बंदिस्त प्रयोगशाळेत, संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या परवानगीनंतरच.