बॉडी डबल वन बीएचकेमध्ये कसा बघावा

परवा भाच्याने विचारलं, मामा तू सारखा ज्या पिक्चरचं नाव काढतोस तो नक्की कसा आहे, शनिवारी मित्रांना बोलावून लावू का? आता ह्याला काय सांगायचं. चांगला आहे म्हटलं तर खोटं बोलल्यासारखं होतं आणि भंगार आहे म्हटलं तर त्याहून मोठं खोटं. अमेरिकन दिग्दर्शक ब्रायन डी पाल्माचा १९८४ चा थ्रिलर 'बॉडी डबल' म्हणजे कडक इस्त्रीचा सफारी घातलेला लफंगा आहे, बोलणं चावट, नजर वाईट, पण लग्नात आला की सगळे त्याच्याकडेच बघतात. असला पिक्चर कसाही लावून चालत नाही, पहिल्यांदा चुकीचा बघितला की कायमचा मनातून उतरतो. म्हणून हे लिहून काढलं.

सगळ्यात आधी घर रिकामं करा. आईबाबा गावाला गेलेत, बायको माहेरी, असा शनिवार शोधा. मी हे अनुभवाने सांगतोय. आम्ही पहिल्यांदा बघितला तो गिरगावात मित्राच्या चाळीतल्या खोलीत, मे महिन्याच्या सुट्टीत, त्याच्या मामाने दुबईहून आणलेल्या व्हीसीआरवर. घरात फक्त त्याची आजी होती, ती झोपेल असा आमचा हिशोब. पण पिक्चर सुरू होतो तोच व्हॅम्पायरच्या शूटिंगने, शवपेटीत दात काढून पडलेला माणूस, तो बघून आजी म्हणाली "भुताचं आहे होय, बघा बघा" आणि वाती वळत तिथेच बसली. पुढे दुर्बिणीतून दिसणारी ती बाई नाचायला लागली तेव्हा मित्राने घाबरून पॉज दाबला. जुन्या व्हीसीआरचा पॉज ज्यांना माहितीये त्यांना कळलं असेल काय झालं ते, नेमकी तीच फ्रेम पडद्यावर थरथरत उभी राहिली, पुढे जाईना मागे येईना. आजीने चष्मा वर केला, नीट बघितलं, म्हणाली "हिला थंडी नाही का रे वाजत?" आणि परत वाती. तेव्हा पहिला नियम, पॉज दाबायचा नाही, काहीही झालं तरी.

माणसं चारच्या वर नकोत. त्यात एक जण असा हवा ज्याने काहीच बघितलेलं नाही, आणि एकही असा नको जो दर पाच मिनिटांनी "हे शक्यच नाही" म्हणतो. शक्य नाहीच आहे. कथेला एवढी भोकं आहेत की त्यापेक्षा चाळणी बरी.

प्रिंट घेताना लांबी बघा. पूर्ण पिक्चर ११४ मिनिटांचा. कुठे १०९ लिहिलेलं दिसलं तर लगेच सेन्सॉरच्या नावाने बोंब मारू नका, आपल्याकडचे टीव्ही-व्हीसीआर पाल सिस्टिमवर चालायचे, सेकंदाला २५ फ्रेम, आणि पिक्चर शूट झालेला असतो २४ वर, त्यामुळे कॅसेटवर सगळं चार टक्के जोरात पळायचं आणि आवाजही किंचित वरच्या पट्टीत जायचा. म्हणजे ज्या संगीतावर आम्ही जीव टाकला ते मुळात त्याहून खालच्या सुरातलं आहे, हे मला चाळिशीनंतर कळलं आणि दोन दिवस चैन पडलं नाही. शंभरच्या आसपास असेल तर मात्र कापलेला आहे, परत करा. आणि हो, लायब्ररीच्या कॅसेटवर कुठला सीन लोकांनी किती वेळा रिवाइंड केलाय ते थेट पट्टीवरच दिसायचं, तिथे आलं की पडद्यावर पाऊस सुरू, ट्रॅकिंगचं बटण फिरवून बोटं दुखायची. आताच्या स्वच्छ प्रिंटमध्ये हा पाऊस नाही. मला थोडी चुकचुक लागते, तुम्हाला लागायचं कारण नाही.

पडदे लावा. हे गंमत म्हणून नाही सांगत. हा अख्खा पिक्चर समोरच्या घरात बघण्याबद्दल आहे आणि आपण मुंबईकर तर जन्मभर तेच करतो, समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणाकडे कुठली सिरियल चालू आहे, कोणाच्या घरी भांडण, कोणाचा फ्रीज नवीन, सगळं आपल्याला ओट्यापाशी उभं राहून माहिती असतं, त्याला दुर्बीण लागत नाही. पण समोरच्यांनाही आपलं तसंच दिसतं. आमच्या सोसायटीत एकदा पडदा उघडा राहिला आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या विंगचे काका लिफ्टमध्ये "काल कुठला पिक्चर होता हो?" म्हणून विचारत होते. नाव हवं होतं त्यांना!

आवाज मोठा ठेवा, किंवा शेजाऱ्यांची भीती असेल तर बरे हेडफोन. संगीत पिनो डोनाजिओचं. हा मूळचा गाणारा माणूस, १९६५ सालचं त्याचं इटालियन गाणं पुढे इंग्लिशमध्ये 'यू डोन्ट हॅव टू से यू लव्ह मी' म्हणून जगभर वाजलं. इथे त्याने सिंथेसायझर आणि शब्दांशिवायचा बायकी आवाज असं काही मिसळलंय की दुर्बिणीचे सीन चालू असताना आपण चूक करतोय हे कळत असतं आणि थांबावंसं वाटत नाही. त्यासाठीच तो पिक्चर आहे. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकलंत तर अर्धा पिक्चर गेला.

गोष्ट आधीच सांगू नका, फक्त एवढीच. जेक स्कली हा पडेल नट, बंद जागेची भीती, शवपेटीतच गोठतो आणि काम जातं, घरी येतो तर गर्लफ्रेंड दुसऱ्याबरोबर, म्हणजे एका दिवसात नोकरीही गेली आणि घरही. मग एक ओळखीचा त्याला एक घर सांभाळायला देतो. ते घर बघताना मात्र सगळ्यांना गप्प करा. ते खरंच आहे, लॉस एंजेलिसच्या टेकडीवर, जॉन लॉटनर नावाच्या आर्किटेक्टने १९६० मध्ये बांधलेलं केमोस्फिअर, आठ कोनांची तबकडी एकाच काँक्रीटच्या खांबावर उभी. उतार एवढा की बाकी कोणी बांधायची हिंमत केली नसती. आपल्याकडे एका खांबावर फक्त पाण्याची टाकी असते! तिथून समोरच्या घरातली बाई रोज रात्री ठरलेल्या वेळी नाचताना दिसते आणि आपला हीरो डोळे लावून बसतो.

ह्या हीरोला हीरो समजू नका हे पहिल्यांदा बघणाऱ्याला हळूच सांगून ठेवा. हा माणूस बाईच्या मागे मागे मॉलमध्ये जातो, तिने डस्टबिनमध्ये टाकलेली अंडरवेअर उचलून खिशात घालतो. आपल्याकडे प्लॅटफॉर्मवर असं कोणी करताना दिसला तर पब्लिक धुवून काढेल. आम्हाला कॉलेजच्या वयात ह्यात काही खटकलं नव्हतं, ते आठवून आता कसंतरी होतं. पण तोच मॉलचा भाग पिक्चरमधला सगळ्यात देखणा आहे, बराच वेळ संवाद जवळजवळ नाहीतच, नुसते एस्कलेटर, काचा, जिने, कॅमेरा पाण्यासारखा वाहतोय. चहा करायला उठायचं असेल तर ह्याच्या आधी उठा.

कोणीतरी शहाणा "हे तर हिचकॉकचं ढापलंय" म्हणेलच, हिचकॉक म्हणजे थरारपटांचा उस्ताद दिग्दर्शक. म्हणू द्या, बरोबर आहे त्याचं. समोरच्या खिडकीत बघणं १९५४ च्या 'रिअर विंडो'तलं, भीतीने गोठणारा नायक १९५८ च्या 'व्हर्टिगो'तला, फक्त तिथे उंचीची भीती, इथे बंद जागेची. डी पाल्मा चोरी लपवत नाही, उलट बिल दाखवतो. आणि दुसऱ्या भागात जी हॉली येते, छोटे पांढुरके केस, बोलायला एकदम फटकळ, ती मेलनी ग्रिफिथ, म्हणजे हिचकॉकच्या 'द बर्ड्स'ची हिरोईन टिपी हेड्रन हिची मुलगी. आता बोला! ह्याच पिक्चरसाठी डी पाल्माचं नाव सगळ्यात वाईट दिग्दर्शकाच्या रॅझीच्या, म्हणजे वाईट पिक्चरांची टर उडवणाऱ्या बक्षिसांच्या, यादीत गेलं आणि मेलनीला अमेरिकेतल्या समीक्षकांच्या राष्ट्रीय संस्थेने सहाय्यक अभिनेत्रीचं बक्षीस दिलं. ती पडद्यावर आली की सगळ्यांचं बसणं बदलतं, बघा तुम्ही.

मध्येच पिक्चर बंद पडून म्युझिक व्हिडिओ सुरू झाल्यासारखं वाटेल. घाबरू नका, चॅनल बदललेलं नाही. फ्रँकी गोज टू हॉलिवूड ह्या ब्रिटिश बँडचं 'रिलॅक्स' आहे, बीबीसीने १९८४ च्या सुरुवातीलाच बंदी घातलेलं गाणं, आणि बँड स्वतः तिथे हजर. इथे नाचावंसं वाटलं तर नाचा, खालच्या मजल्याला आधी सांगून.

एक गोष्ट मात्र बायकांना, पुरुषांना, सगळ्यांना आधीच सांगायची. मध्यावर एक खून आहे, मोठ्या ड्रिल मशीनने, एका बाईचा. त्यावरून त्या काळी भरपूर गदारोळ झाला आणि मला विचाराल तर होणारच होता. मी अजूनही तिथे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो. गेल्या वेळी नेमकं दिवसभर आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये रिनोव्हेशन चालू होतं, रात्री तो सीन आला तेव्हा एक जण जागेवरून उडालाच. ज्याला नको असेल त्याला तेवढ्या वेळात खाली वडापाव आणायला पाठवा, पण लवकर परत यायला सांगा, पुढे लगेच महत्त्वाचं आहे.

खाणं कोरडं ठेवा, शेव, चकली, शेंगदाणे. पावभाजी नको, लोक ताटात बघतात.

आणि सुरुवात साडेनऊच्या आत करा. लांब राहणारे असतील तर शेवटची लोकल आधीच बघून ठेवा, कारण नावं वर सरकायला लागली की पिक्चर संपला असं समजून सगळे चपला शोधतात. संपलेला नसतो. परत तेच व्हॅम्पायरचं शूटिंग, बाथरूमचा सीन, आणि नटीच्या जागी दुसरी मुलगी, म्हणजेच बॉडी डबल, आणून उभी करतात, पिक्चरच्या नावाचा सगळा खेळ तिथे उघड्यावर मांडलाय. ह्याचं मूळ डी पाल्माच्याच १९८० च्या 'ड्रेस्ड टू किल'मध्ये आहे, तिथे अँजी डिकिन्सनच्या शॉवरच्या सीनला अशीच दुसरी बाई वापरली होती. गेल्या वेळी डोंबिवलीचा मित्र नेमका नावं सुरू झाल्या झाल्या पळाला, कुर्ल्याहून फोन केला, "अरे तुम्ही सगळे मागून हसत होतात, काय झालं शेवटी?" सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी राहायलाच ये म्हटलं, उशी-चादर घेऊन.