लांब राइडमध्ये मन कसं टिकवायचं
200 किमीच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी 15 चा ॲव्हरेज पडला तरी होते, मग सुरुवातीलाच जोर कशाला लावायचा. अख्ख्या 200 चा विचार डोक्यात आणूच नका, नागपूरहून निघालात की आधी कामठी, मग कन्हानचा पूल, मग मनसर, एवढंच बघा. खरा कस लागतो तो परतीच्या दुपारी, समोरून वारा, डांबर तापलेलं, तेव्हा गिअर हलका करा, पाय फिरत राहू द्या आणि स्पीडचा आकडा झाकून टाका. उगाच चिडचिड व्हायला लागली, सायकल विकून टाकावीशी वाटली, की बहुतेक वेळा पोट रिकामं असतं, केळं खा, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घ्या, थोड्या वेळात बरं वाटतं. सकाळी तर्री पोहे जरूर खा, तर्री मात्र कमीच घ्या.