प्रवासावरची चांगली न्यूजलेटरं कशी शोधायची आणि मजेत कशी वाचायची

मागच्या दिवाळीत घर आवरता आवरता मेलबॉक्सही आवरायला घेतला, तर चारशेच्या वर न उघडलेले मेल, आणि त्यातले निम्मे एकाच टूरवाल्याचे. त्याच्याकडे मी चार वर्षांपूर्वी एकदाच अंदमानचं कोटेशन मागितलं होतं. ‘फक्त ३ सीट शिल्लक!’ म्हणे. चार वर्षं झाली, त्याच्या ३ सीट अजून शिल्लकच आहेत.

न्यूजलेटर म्हणजे कोणी नेमाने मेलवर धाडलेलं वाचण्यासारखं पत्र. तर हे ते नाही, ही जाहिरात आहे, आणि खरी न्यूजलेटरं वाचायची असतील तर आधी हा कचरा काढा. जीमेलच्या सर्चमध्ये इंग्रजीत ‘अनसबस्क्राइब’ शब्द टाका, असले सगळे मेल एका जागी दिसतात. गूगल आणि याहूने २०२४ पासून नियम केलाय, दिवसाला ५ हजारांवर मेल पाठवणाऱ्याला एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय द्यावीच लागते, त्यामुळे पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच ते बटण दिसतं. मात्र ज्याला तुम्ही जन्मात कधी पत्ता दिला नव्हता अशाच्या मेलमधली लिंक दाबू नका, तो सरळ स्पॅममध्ये टाका.

दुसरं काम पाच मिनिटांचं. नवीन न्यूजलेटर घेताना जीमेलचा पत्ता थोडा बदलून द्यायचा, म्हणजे आपल्या नावानंतर अधिकचं चिन्ह आणि पुढे ‘ट्रॅव्हल’ वगैरे काहीतरी. मेल तुमच्याच खात्यात येतो पण त्या पत्त्यावर फिल्टर लावून सगळं एका लेबलखाली जमा करता येतं, आणि कोणी तुमचा पत्ता पुढे विकला तर तेही कळतं. काही फॉर्म हे चिन्ह घेत नाहीत, तिथे साधा पत्ता द्या आणि पाठवणाऱ्याच्या नावाने फिल्टर लावा.

आता घ्यायचं काय? विमानाच्या स्वस्त तिकिटांची न्यूजलेटरं सगळ्यांना आधी दिसतात. अमेरिकेतल्या स्कॉट कीज नावाच्या माणसाला २०१३ मध्ये न्यूयॉर्क ते मिलान जाऊन-येऊन १३० डॉलरला तिकीट मिळालं, मग मित्र मागे लागले की पुढच्या वेळी आम्हालाही सांग बाबा, म्हणून त्याने मेलची यादी केली आणि त्यातून कंपनी उभी राहिली, आता तिचं नाव ‘गोइंग’ आहे. अमेरिकेत एडिसन नाहीतर बे एरियात राहणाऱ्या आपल्या लोकांनी जरूर घ्यावं, कारण ते अमेरिकेतल्या विमानतळांवरून निघणाऱ्यांसाठी आहे, आणि ब्रिटनमध्ये असाल तर ‘जॅक्स फ्लाइट क्लब’ आहे. पण पुण्यात बसून असली न्यूजलेटरं घेतली तर नुसती जळजळ होते. आणि समजा मुंबईहून सुटणारं स्वस्त तिकीट दिसलंच, तर आपला पासपोर्ट! शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) अर्जाला साधारण १५ दिवस धरतात, त्याआधी अपॉइंटमेंट मिळायला हवी, अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो. ‘आजच बुक करा’ हे आपल्यासाठी नसतं, निदान घाईत तरी नाही.

दुसरा प्रकार गमतीजमतीचा. २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘अॅटलस ऑब्स्क्युरा’चं न्यूजलेटर घ्या, जगातल्या विचित्र जागा, चहासोबत पाच मिनिटं. छान आहे, पण एक पुरे.

मला खरं सांगायचंय ते तिसऱ्या प्रकाराबद्दल: एकट्या माणसाने एकाच वेडापायी लिहिलेलं न्यूजलेटर. क्रेग मॉड घ्या. हा मूळचा अमेरिकन, वीसेक वर्षांहून जास्त काळ जपानात राहतोय आणि चालतो. नुसता चालतो! क्योतो आणि टोकियोला डोंगरांतून जोडणारा नाकासेंदो नावाचा, जपानच्या जुन्या एदो काळातला रस्ता आहे, त्यावर ६९ मुक्काम होते, तो त्याने पायी केला. त्याची ‘रोडेन’ आणि ‘रिजलाइन’ अशी न्यूजलेटरं आहेत, शिवाय तो लांबच्या चालीला निघाला की तेवढ्या दिवसांपुरतं एक वेगळं न्यूजलेटर काढतो, रोज रात्री दमून आल्यावर लिहायचं आणि पाठवायचं, चाल संपली की ते बंद. आळंदीहून पालखी निघाली की आपण पेपरात आज सासवड, मग जेजुरी, मग वाल्हे असं बघत बसतो ना, तसंच होतं, आपण घरात पण मन त्या रस्त्यावर.

अशा माणसाला जे दिसतं ते ‘टॉप १०’ लिहिणाऱ्याला दिसत नाही. हा मध्यम आकाराची, कोणी फारसं जात नाही अशी जपानी शहरं पायी फिरत होता, त्यात त्याला उत्तरेतलं मोरिओका आवडलं, त्याने ते न्यूयॉर्क टाइम्सला सुचवलं आणि २०२३ च्या ‘जायलाच हवं’ अशा ५२ ठिकाणांच्या यादीत ते लंडननंतर दुसरं आलं. टोकियोहून बुलेट ट्रेनने सव्वादोन तासांवरचं शहर, आणि जगभरातली माणसं नकाशात शोधायला लागली. (तिथे वान्को सोबा नावाचा प्रकार आहे, इवल्याशा वाटीत नूडल्स, संपली की लगेच दुसरी वाढतात, तुम्ही झाकण ठेवेपर्यंत थांबतच नाहीत. आपल्या पंगतीतला आग्रह बरा म्हणायचा.)

मग असे लोक शोधायचे कसे? गूगलवर ‘बेस्ट ट्रॅव्हल न्यूजलेटर’ शोधू नका, त्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. उलट्या बाजूने जा: एखादा लेख आवडला की शेवटी लेखकाबद्दल दोन ओळी असतात, तिथून त्याच्या साइटवर जा, बरेच जण स्वतःचं न्यूजलेटर चालवतात. सबस्टॅक म्हणून एक साइट आहे, तिथे कोणीही आपलं न्यूजलेटर काढू शकतो; तिथे शोधताना देशाचं नाव टाकू नका, छोटं काहीतरी टाका, ‘नाइट ट्रेन’, ‘फेरी’, ‘जॉर्जियन वाइन’. एक घेतलं की ते आणखी पाच सुचवतं, त्यातली टिक आधीच केलेली असू शकते, ती काढा. मराठीत मला असं फारसं काही सापडलेलं नाही, आपलं चांगलं प्रवासलेखन अजून दिवाळी अंकात आणि ट्रेकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहे.

पत्ता द्यायच्या आधी जुने तीन अंक वाचा, पण लेखकाने वर लावून ठेवलेले गाजलेले नाही, मधलेच कुठलेतरी. माणूस तिथे खरंच गेला होता का हे बघायचं. बसचं भाडं, चुकलेला फाटा, बंद निघालेलं म्युझियम, पाऊस, असं काही आहे का? की नुसतं ‘हिडन जेम’ आणि ‘मस्ट व्हिजिट’? हे दोन शब्द एकाच अंकात तीनदा आले की मी टॅब बंद करतो.

पैशाचं थोडक्यात: बरंच काही फुकट असतं, सबस्टॅकवर पैसे घेणारे बहुतेक जण महिना ५ डॉलरपासून पुढे घेतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून आपोआप पैसे कापायला ई-मँडेट, म्हणजे तुमची आधी नोंदवलेली परवानगी लागते, परदेशी साइटवर त्यामुळे दर महिन्याचं पेमेंट अडकू शकतं. आवडलंच असेल तर वर्षाचे एकदम भरा, आधी तीन महिने फुकटचं वाचून.

वाचायचं कधी? ऑफिसच्या मेलमध्ये नाही. मी रविवारी सकाळी पोहे झाल्यावर लेबल उघडतो, शेजारी गूगल मॅप्स उघडा ठेवतो, आणि जागा आवडली की ती सेव्ह करून त्याखाली नोट लिहितो, कोणी सांगितलं, काय खायचं, कुठल्या महिन्यात जायचं. नोट नसेल तर दोन वर्षांनी त्या खुणेकडे बघून काही म्हणजे काही आठवत नाही. वेळा, भाडं, व्हिसा मात्र निघताना परत तपासा, जुन्या अंकातले आकडे जुनेच असतात.

आणि एक, मेल लांब असला की जीमेल तो १०२ केबीवर कापतं, खाली ‘व्ह्यू एन्टायर मेसेज’ अशी बारीक ओळ येते. मी कितीतरी महिने एकीची पत्रं अर्धीच वाचत होतो आणि मला वाटायचं की काय बाई लिहिते, शेवटच करत नाही.

तिलाच मग उत्तर लिहिलं. एकट्याच्या न्यूजलेटरला रिप्लाय केला की तो बहुतेक वेळा थेट त्या माणसाकडे जातो हे लोकांच्या लक्षातच येत नाही. तिने पोर्तुगालमधल्या किनाऱ्यावर उन्हात वाळत घातलेल्या माशांबद्दल लिहिलं होतं, मी आमच्याकडच्या सोड्यांबद्दल आणि सोड्यांच्या खिचडीबद्दल चार ओळी टाकल्या. तिसऱ्या दिवशी तिचं उत्तर: वासाचं काय करता, शेजारी भांडत नाहीत का?