कोकणात लोअर केलेली गाडी चालवताय? मग कॅम्बर-टो असे ठेवा

गाडी लोअर केली, म्हणजे उंची उतरवली, की अलाइनमेंट (चाकांचे कोन) बदलतंच, तुम्ही हात लावा नाहीतर नका लावू. स्विफ्ट, पोलो, आय२० सगळ्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला खांब) आहे, उंची उतरली की कॅम्बर (समोरून बघता चाक किती कललंय ते) निगेटिव्हकडे, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत, सरकतो आणि टो (वरून बघता चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते) पण हलतो. म्हणून लहान स्प्रिंग किंवा कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकचा सेट) टाकल्यावर आधी थोडे दिवस चालवा, सस्पेन्शन बसू द्या, उंची फायनल करा आणि मगच अलाइनमेंट मशीनवर न्या, नंतर परत उंची बदललीत तर पैसे पाण्यात.

आता आकडे. नेटवर उणे २.५, उणे ३ कॅम्बर दिसतो तो ट्रॅकवाल्यांचा, त्यांची गाडी सतत जोरात वळत असते. आपण आंबा घाट, कुंभार्ली चढतो-उतरतो ते ठीक, पण बाकी वेळ हायवेला सरळ नाहीतर गावातल्या खड्ड्यांतून. पुढे उणे १.२ ते उणे १.५ भरपूर झालं, दोन्ही बाजूंत ०.३ डिग्रीपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. मागे ट्विस्ट बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच दांडा) असेल तर तिथे सहसा अ‍ॅडजस्टमेंट नसते, फक्त रीडिंग बघा, दोन चाकांत मोठा फरक दिसला तर बीम ठोकर खाल्लेला असू शकतो.

टायर खातो तो मुख्यतः टो, कॅम्बर नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. टो चुकला की चाक सरळ जाता जाता रस्त्यावर आडवं पण घासत राहतं. पुढे झीरो, किंवा दोन्ही चाकांचा मिळून ०.१० डिग्री टो-इन (चाकांची तोंडं किंचित आत). टो-आउटने (तोंडं बाहेर) गाडी वळणात पटकन आत शिरते खरी, पण जुलैच्या पावसात पाणी भरलेल्या चाकोरीत तीच गाडी इकडे-तिकडे पळायला लागते आणि समोरून ट्रेलर येत असतो, रस्त्यावरच्या गाडीला टो-आउट नकोच. आणि युनिट नीट बघा, ०.१० डिग्री म्हणजे ६ मिनिटं, १० नाही, काही मशीन डिग्रीत दाखवतात, काही मिनिटांत. मिलिमीटरमध्ये मोजत असतील तर १५ इंची रिमला १ मिमी म्हणजे साधारण ०.१५ डिग्री धरा.

कॅस्टर (बाजूने बघता स्टेअरिंगचा अक्ष किती मागे कललाय ते) बहुतेक गाड्यांत अ‍ॅडजस्ट होत नाही, दोन्ही बाजू जवळपास सारख्या आल्या की सोडून द्या.

दुकानात जायच्या आधी टायरमधली हवा सारखी करा, डिकीतलं सामान काढा, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड (स्टेअरिंगपासून चाकाला जोडणाऱ्या दांड्याचं टोक) आणि बुश तपासून घ्या, खेळ असेल तर मशीनवरचा आकडा दुकानाबाहेर पडेपर्यंतच खरा. किनाऱ्यालगत, म्हणजे आरे-वारेच्या बाजूला रोज फिरणाऱ्या गाड्यांचे टाय रॉडचे लॉकनट खाऱ्या हवेने गंजून धरतात, आदल्या रात्री त्यावर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. कॅम्बरसाठी जॅक लावून स्ट्रट वाकवून देणारे भेटतात, त्यांना स्पष्ट नाही म्हणा, तुमच्या गाडीला बसत असेल तर कॅम्बर बोल्ट (फिरवून कॅम्बर बदलता येणारा बोल्ट) टाकून घ्या. आधी कॅम्बर, मग स्टेअरिंग सरळ लॉक करून शेवटी टो, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. काही ठिकाणी नुसता टो करून "झालं साहेब" म्हणतात, तेव्हा आधीचं आणि नंतरचं असं दोन्ही प्रिंट मागा.

मग महिन्याभराने गाडी थंड असताना टायरवरून तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट जाताना ब्लॉकच्या कडा बोटांना टोचल्या तर टो गेलाय. फक्त आतली कड झिजतेय पण टोचत नाही, तर कॅम्बर उणे १ पर्यंत आणा. गणपतीला हायवेवर गर्दी व्हायच्या आधी हे एकदा बघून घ्या, पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी जून-जुलैतच टो हललेला असतो.